वीणेचा पहारा आणि चौकीचा पहारा

सुभेदार साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र आणि सोबतचे हस्तलिखित प्रकरण मी दोनदा वाचले. चोवीस वर्षे फौजेत काढून तुम्ही चाळीसगाव तालुक्यातल्या आपल्या गावी परतलात, शेती सांभाळत तीन रहस्यकादंबऱ्या लिहिल्यात, आणि आता प्रकाशक म्हणतात की भक्ती काढलीत तर छापू, तर भजनी मंडळातले सोबती म्हणतात की गळ्यात माळ आणि पानोपानी खून हे माळकऱ्याला शोभत नाही. दोहोंपैकी काय सोडावे, असे तुम्ही विचारता. माझ्या मते दोन्हींपैकी काहीही सोडू नका.

तुमच्याच प्रकरणात याचे उत्तर आहे. मुक्ताईच्या पालखीबरोबर कोथळीहून पंढरपूरला निघालेला तुमचा निवृत्त हवालदार मुक्कामाच्या शाळेत एवढेच पाहतो की दिंडीत नव्याने आलेला विणेकरी पाणी पिताना वीणा सतरंजीवर ठेवतो. सप्ताहात ज्याने वीणेचा पहारा दिला आहे, त्याला ठाऊक असते की दुसऱ्याच्या गळ्यात घातल्याशिवाय वीणा उतरत नाही. तो माणूस वारकरी नाही, हे हवालदाराला त्या क्षणी कळते आणि वाचकाच्या अंगावर काटा येतो. ही खूण ज्याने पहारा केला आहे त्यालाच सुचू शकते, आणि तुम्ही तर चौकीवरचाही केला आहे आणि देवळातलाही. मात्र त्यापुढची चार पाने हवालदार पापपुण्यावर निरूपण करतो, ती काढून टाका. प्रकाशकांना खटकले ते बहुधा तेच असावे.

इंग्रजीत जी. के. चेस्टरटन यांनी फादर ब्राउन हा पाद्री शोधक म्हणून उभा केला. त्याच्या कथांचा पहिला संग्रह १९११ साली आला. तो गुन्हा उकलतो तो दैवी साक्षात्काराने नव्हे, तर वर्षानुवर्षे लोकांचे कबुलीजबाब ऐकल्यामुळे माणूस कुठवर घसरू शकतो हे त्याला आतून माहीत असते म्हणून. श्रद्धा त्याच्या नजरेत आहे, आणि म्हणूनच देव न मानणारा वाचकही त्याच्याबरोबर शेवटपर्यंत जातो. तुमच्या हवालदाराची नजर तशीच आहे. तिच्यावर विश्वास ठेवा. आणि गावातल्या साक्षीदारांना पुस्तकी मराठी बोलायला लावू नका, त्यांना अहिराणीतच बोलू द्या. खऱ्या चौक्यांची नावे आणि बंदोबस्ताचे तपशील तेवढे बदला, कारण १९२३ चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तीनंतरही लागू असतो.

मंडळातल्या सोबत्यांशी वाद घालू नका. लोकांच्या बोलण्याने दुखावून दार लावून बसलेल्या ज्ञानोबांना मुक्ताईने ताटी उघडायला लावली, असे परंपरा सांगते. तिच्या खान्देशातल्या माणसाने बंद दारामागे काय घडले ते लिहिले, तर त्यात माळेचा अपमान कसला? एखाद्या एकादशीला भजन झाल्यावर त्यांना वीणेचे प्रकरण वाचून दाखवा.

आता ज्या ओळीवरून तुम्ही घाईने पुढे गेलात, तिच्याकडे येते. तुम्ही लिहिता, ‘त्या रात्रीचा पहारा माझा होता, मला ताप होता म्हणून जोडीदार उभा राहिला.’ पुढे त्याचे काय झाले ते तुम्ही लिहिलेले नाही, लिहिण्याची गरजही नव्हती. पण तिन्ही कादंबऱ्यांचा तुम्ही दिलेला सारांश मी पुन्हा पाहिला, आणि तिन्हींत मरणारा माणूस दुसऱ्याच्या जागी उभा असलेला राखणदारच आहे, आणि तिन्हींत शेवटी दोषी माणूस देवळाच्या पायरीवर कोसळतो आणि त्याला क्षमा मिळते. साहेब, तापाने फणफणलेल्या माणसाची जागा त्याच्या जोडीदाराने घेणे ही पलटणीची रीतच आहे. वीणाही अशीच एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, आणि ती देणाऱ्याला कोणी दोषी धरत नाही.

चौथी कादंबरी लगेच सुरू करू नका. आधी कोर्ट ऑफ इन्क्वायरीपुढे, म्हणजे फौजेतल्या चौकशी मंडळापुढे, जबानी द्यावी तशी त्या रात्रीची हकिगत साध्या वाक्यांत लिहा: वेळ, जागा, कोण कुठे होते, तुम्हाला ताप किती होता. ती छापायची नाही. जोडीदाराच्या घरी अजून कोणी असेल, तर एकदा जाऊन भेटून या. तुम्ही तिथे कधीच गेला नसाल, असे मला पत्रावरून वाटते. पहाटे तीनला जाग येते आणि मग लिहीत बसतो, असे तुम्ही म्हणता. हे रोजचेच असेल, तर ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, कार्डावर डॉक्टरांना दाखवा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा, तिथे मराठीत बोलता येते.

निरूपणाची पाने काढल्यावर ते प्रकरण मला पुन्हा पाठवा, आणि वीणेच्या प्रसंगातला एकही शब्द बदलू नका.

तुमची,
ताई