बीआरसीए१ या जनुकातला (हे बिघडलं तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो) बदल सिफ्ट आणि पॉलिफेन ही अंदाज वर्तवणारी दोन्ही संगणकी साधनं 'घातक' दाखवत असतील, तर तो घातकच समजायचा का?

नाही. सिफ्ट आणि पॉलिफेन-२ दोघांचाही मुख्य आधार एकच: त्या जागचं अमिनो आम्ल इतर प्राण्यांत उत्क्रांतीत टिकून राहिलंय का. एकच पेपर वाचून आलेल्या दोन शेजाऱ्यांची साक्ष ती, दोन पुरावे नव्हेत.

तावातावाने लिहितेय, कारण आमच्या घरात यावरून भांडण झालंय. ताईला चाळिशीत स्तनाचा कॅन्सर झाला. रिपोर्टमध्ये बीआरसीए१ मधला एक मिससेन्स बदल (प्रथिनातलं एकच अमिनो आम्ल बदलणारा), 'व्हीयूएस' म्हणून, म्हणजे घातक की निरुपद्रवी ते अजून ठरलेलं नाही असा. दाजी सॉफ्टवेअरवाले. रात्री बसून त्यांनी तो वेबसाइटांवर टाकला, सगळीकडे 'डॅमेजिंग'. सकाळी फर्मान निघालं: ताईची अंडाशयं काढायची आणि भाचीची टेस्ट करायची. भाची तेव्हा बारावीत! मी बायोइन्फर्मॅटिक्समध्येच काम करते, पण मला उत्तर मिळालं, "कॉम्प्युटर खोटं बोलतो का?"

माझं म्हणणं एवढंच होतं की बदल कुठे आहे ते बघा. बीआरसीए१ प्रथिन १,८६३ अमिनो आम्लांचं आहे. घातक मिससेन्स बदल बहुतेक सगळे प्रथिनाच्या सुरुवातीच्या 'रिंग' आणि शेवटच्या 'बीआरसीटी' नावाच्या भागांत सापडतात. ताईचा होता मधल्या लांबलचक पट्ट्यात, जिथले मिससेन्स बदल सहसा निरुपद्रवी ठरतात. तुमचा रिंग किंवा बीआरसीटीमध्ये असेल, तर २०१८ चं सिॲटलच्या शास्त्रज्ञांचं काम बघा. त्यांनी ३,८९३ बदल जिवंत पेशींमध्ये घालून पाहिले, आणि पेशी अशा निवडल्या की बीआरसीए१ बिघडलं तर त्या मरतात. ते आकडे कुठल्याही अंदाजापेक्षा भारी. जनुकीय बदलांचं वर्गीकरण कसं करायचं ते सांगणाऱ्या, अमेरिकेतल्या एसीएमजी संस्थेच्या २०१५ च्या नियमांतही संगणकी अंदाजाला सगळ्यात खालचा, 'सपोर्टिंग' दर्जाच आहे.

जेनेटिक समुपदेशकांनी ताईची शस्त्रक्रिया थांबवली, आणि पुढे लॅबने तो बदल 'लाइकली बेनाइन'मध्ये, म्हणजे बहुधा निरुपद्रवी या गटात टाकला. दाजी अजूनही म्हणतात, "सावधगिरी म्हणून माझं बरोबरच होतं." नाही दाजी. त्या वयात अंडाशयं काढली की एका दिवसात रजोनिवृत्ती येते, हाडं ठिसूळ व्हायला लागतात. ज्या बाईला हे सोसायचं होतं तिला तुम्ही विचारलंही नाहीत.

हे सगळं मिससेन्सपुरतं. १८५डेलएजीसारखा फ्रेमशिफ्ट (डीएनएची अक्षरं गळून पुढचं सगळं वाचनच सरकवणारा बदल) असेल तर तो जवळपास नेहमी घातकच, ही साधनं लागत नाहीत. बदल एक्सॉनच्या (जनुकाच्या प्रथिन घडवणाऱ्या तुकड्याच्या) काठावर असेल तर स्प्लाइसिंग, म्हणजे हे तुकडे नीट जोडले जातात का, ते वेगळं तपासा, सिफ्टला ते दिसत नाही. आणि आई-मावशीला कॅन्सर झालेला असेल, तर व्हीयूएस आला म्हणून निर्धास्त राहू नका. तपासण्या कधीपासून आणि किती वेळा, हे घराण्याचा इतिहास बघून समुपदेशकांशी ठरवा.