जागा सोड

बाळा,

तुझा निरोप रात्री दोनदा वाचला. दिवसा जॅझचा रियाज, रात्री आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं नाटक नाहीतर लग्नाचा ऑर्केस्ट्रा, दोन्हीकडे कीबोर्ड. यात आपण जॅझवाले उरणार का, अशी तुझी शंका. ‘काका, हे सोडू का?’

अमेरिकन जॅझ पियानोवादक हँक जोन्सचं नाव तू घेतोस ना? मग हेही लक्षात ठेव. हा माणूस १९४८ ते १९५३ जॅझ गायिका एला फिट्झगेराल्डच्या साथीला होता. पुढे सुमारे पंधरा वर्षं त्यानं सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीत पगारी वादक म्हणून समोर येईल ते वाजवलं. १९ मे १९६२ ला नटी मॅरिलिन मन्रोनं राष्ट्राध्यक्ष केनेडींसाठी वाढदिवसाचं गाणं म्हटलं, तेव्हा पियानोवर हाच होता. त्यामुळे त्याचा जॅझ कमी झाला का?

सोडू नको. पण परवा वडशाजवळच्या मंडपात तुला ऐकलं, त्याबद्दल बोलायचं आहे. नायिका श्वास घ्यायला थांबली रे थांबली की तू तिथे तान कोंबत होतास. एकदाही नाही चुकलास! तिनं दोनदा वळून पाहिलं, तुला दिसलंही नाही. जागा सोड, बाळा.

खालचे सूर सांभाळणारा बेसवाला सोबत असला की कॉर्डचा षड्ज, म्हणजे मूळ सूर, त्याचा. तू गंधार आणि निषाद धर, बस. कॉर्डचा स्वभाव तेवढ्यात कळतो. आपल्या मंडपात बेसवाला नसतो, तिथे षड्ज तुझ्या डाव्या हाताला सांभाळावाच लागतो. म्हणून शेजारी कोण बसलंय ते आधी पाहायचं, मग हात ठेवायचा. हे तुला जॅझनंच शिकवायला हवं होतं.

मी पंचविशीत होतो. नागपूरच्या एका स्टुडिओत तीन टेक झाले आणि मी तिन्हींत वेगवेगळे, एकाहून एक भारी तुकडे वाजवले. संगीतकार एवढंच म्हणाले, ‘छान. पण गाणं कुठे गेलं?’ पुन्हा बोलावणं आलं नाही. वीस वर्षं मी त्यांच्यावर राग धरून होतो. ते बरोबर होते. जागा सोडायची अक्कल मला तेव्हा नव्हती.

मुंबईला गेला नाही म्हणून मागे राहिला, असं लोक माझ्याबद्दल बोलतात. घरी धानाच्या बांध्या होत्या, आई अंथरुणाला खिळलेली होती; कसा जाणार होतो? आणि इथे काय कमी शिकलो? पहाटे तीनला, दवानं पट्ट्या ओल्या, बोटं काकडलेली, आणि घसा बसलेली नटी काळी चार पट्टीतलं पद एकदम खालच्या काळी एकमध्ये उचलते. पट्टी बदलायचं ट्रान्सपोजचं बटण दाबेपर्यंत तिची पहिली ओळ संपलेली असते. बाराही सुरांतून हात फिरला पाहिजे, तोही तिच्या आवाजाखालून. हे मला कुठल्या क्लासनं दिलं असतं, सांग! मला गेल्याचा-न-गेल्याचा हिशेब मांडायचा नाही. पण इथलं वाजवणं खालच्या दर्जाचं आणि ऐकणारे गावंढळ, असं तुझ्या तोंडून पुन्हा ऐकायला लावू नको.

शनिवारी शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत आहे, रात्री नाटक. ये. पहिल्या अंकात पट्टीला हात लावायचा नाही. माझ्या शेजारी बसायचं आणि नटी कुठे श्वास घेते ते वहीत खुणा करून ठेवायचं. दुसऱ्या अंकाला वही मिटून तू बसशील, मी उठेन. दुपट्टा आण, पट्ट्या पुसायला लागेल.

तुझा काका