आधी काम, मग कॅमेरा

सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला स्वयंसेवक म्हणून नाव दिलंस, छान. पण कॅमेरा गळ्यात असला तरी तू तिथे कामाला आलेला आहेस. एक कलाकार उठून दुसरा बसेपर्यंत बैठक बदलते, माइक हलतात, तानपुरे आत-बाहेर होतात. फोटोही तेव्हाच दिसतात आणि हातही तेव्हाच भरलेले असतात. सुटतील चार फोटो, सुटू देत!

ग्रीनरूममध्ये वाद्यं लागत असताना शटरचा खटका नको. सायलेंट मोड ठेव. एलईडी दिव्यांखाली त्याने कधीकधी आडवे पट्टे उमटतात. मग शटर १/१०० सेकंदावर आणून बघ. तबलजींची बोटं धूसर येतील, मला तर ती तशीच आवडतात. फ्लॅश घरीच राहू दे. संथ आलापी चालू असताना जागेवरून हलायचं नाही, द्रुतला, म्हणजे लय जलद झाली की, सरक हवं तर.

सगळे गवयावर लेन्स रोखतात. तू मागे तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्यांकडे बघ. गुरूंनी एखादी अवघड जागा घेतली की त्यांचे चेहरे काय होतात!

आणि ग्रीनरूममधला फोटो कलाकाराला विचारल्याशिवाय इन्स्टावर टाकू नकोस.