'सामूहिक अपराधीपणा' म्हणावे का?

प्रश्न असा: येशूच्या मृत्यूबद्दल सगळ्या यहूद्यांना दोषी धरण्यावरून चर्चमध्ये जो वाद झाला, त्यावरचा लेख मराठीत आणताना 'कलेक्टिव्ह गिल्ट'ला 'सामूहिक अपराधीपणा' चालेल का? आणि 'रिपेंटन्स'ला पश्चात्ताप बरा की प्रायश्चित्त?

'अपराधीपणा' नको. तो ज्याला वाटतो त्याच्या मनात असतो, आणि इथे यहूद्यांना काय वाटत होते हे कोणी विचारलेच नव्हते. खापर इतरांनी फोडले होते. दुसऱ्या शतकात सार्दिसचा बिशप मेलितो याने इस्राएलच्या हातून देवाची हत्या झाली, असे प्रवचनात सांगितले. मत्तयच्या शुभवर्तमानात जमाव 'त्याचे रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर' असे ओरडतो. त्यातल्या 'मुलाबाळांवर' या शब्दाच्या आधारे पुढच्या सगळ्या पिढ्या गोवल्या गेल्या. म्हणून या अर्थी 'सामूहिक दोषारोप' लिहावे. आरोपात तथ्य आहे का, याची चर्चा चालू असेल तिथे नुसते 'सामूहिक दोष' पुरे.

नाझी काळातल्या गुन्ह्यांवरून जर्मनांबद्दल हाच शब्दप्रयोग आला तर मात्र थांबून बघा. जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्सने १९४६ साली गुन्हेगारी, राजकीय, नैतिक आणि आधिभौतिकापलीकडचा (मेटाफिजिकल) असे दोषाचे चार प्रकार वेगळे केले. त्यातला राजकीय प्रकार तेवढा सगळ्या नागरिकांना लागू होतो. त्याला 'दोष' म्हणण्यापेक्षा 'उत्तरदायित्व' म्हटलेले बरे.

मराठीतला खरा खड्डा वेगळाच आहे. 'यहूद्यांनी येशूला मारले' या वाक्यात काही यहूदी की सगळे, हे कळायला सोयच नाही. 'गावकऱ्यांनी चोर पकडला' म्हटल्यावर सगळा गाव धावला असे कोणी समजत नाही. पण धर्मग्रंथ वाचताना ही सवलत कोण देतो? कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी 'नॉस्त्रा एताते' हे इतर धर्मांविषयीचे घोषणापत्र मंजूर केले, त्यात ही भानगड शब्दांनीच सोडवली आहे. मृत्युदंडासाठी आग्रह धरला तो यहूदी अधिकाऱ्यांनी व त्यांच्यामागे गेलेल्यांनी. त्याचा ठपका तेव्हाच्या सरसकट सगळ्या यहूद्यांवर ठेवता येत नाही आणि आजच्यांवर तर नाहीच, असा त्याचा आशय. अनुवादात 'सरसकट' गाळू नका, सगळे वाक्य त्यावर उभे आहे. आधीच्या एका मसुद्यात 'देवहत्या' हा शब्द घेऊन तो आरोप नाकारला होता. अंतिम मजकुरात शब्दच उरला नाही. ही कसर अनेकांना खटकली, आणि माझ्या मते रास्तच खटकली.

आता पश्चात्ताप. मराठी बायबलात हाच शब्द रुळलेला आहे, तेव्हा ख्रिस्ती संदर्भात तोच ठेवा. शब्दाच्या पोटात 'ताप' आहे, मागाहून होणारी जळजळ. हिब्रू 'तेशुवा'त मात्र परत फिरणे आहे. १९९८ साली व्हॅटिकनने यहूदी संहाराविषयी निवेदन काढले, तेव्हा चर्चच्या लेकरांच्या चुकांबद्दल खेद व्यक्त करताना मुद्दाम 'तेशुवा' हाच शब्द वापरला. तिथे तो जसाच्या तसा ठेवून एकदा अर्थ द्यावा. 'चर्चची चूक' असे लिहू नका. मूळ निवेदन लेकरांच्या चुका म्हणते, चर्चची म्हणत नाही. टीकाही त्याच फरकावर झाली.

'प्रायश्चित्त' हे मन बदलण्यासाठी नाही, भरपाईच्या कृतीसाठी राखून ठेवा. १९४५ च्या श्टुटगार्ट कबुलीजबाबात जर्मन प्रॉटेस्टंट नेत्यांनी नाझी काळात आपण अधिक धीटपणे श्रद्धेची साक्ष दिली नाही, असे स्वतःलाच बोल लावले. यहूद्यांचा उल्लेख त्यात नाही. त्याला कबुली म्हणा, फार तर पश्चात्ताप. प्रायश्चित्त म्हणवत नाही.

क्षमेबाबत एक बारकावा. 'क्षमा मागितली' लिहिताना कोणाकडे, हे सोडू नका. मिश्ना या यहूदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहातल्या योमा प्रकरणानुसार माणसाने माणसाचा केलेला अपराध, ज्याचा केला त्याची समजूत काढल्याशिवाय योम किप्पूरला, म्हणजे यहूद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवशीही, धुतला जात नाही. मार्च २००० मध्ये पोप दुसऱ्या जॉन पॉल यांनी जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीत ठेवलेल्या चिठ्ठीत क्षमा मागितली आहे ती देवाकडे.

योम किप्पूरला कोकणातल्या बेने इस्राएली यहूद्यांचा अस्सल मराठी शब्द आहे, 'दारफाळणीचा सण'. त्या दिवशी दारे बंद करून उपास धरायचा. लेखात तो एकदा तरी यावा.