पन्नासची लेन्स घ्यायचीय, पण १.८, १.४ की १.२? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की मिररलेस कॅमेरा घेतलाय आणि अजून किट लेन्सवरच आहात तर पुढची लेन्स झूम नको, पन्नासची प्राइम, म्हणजे झूम न होणारी ५० एमएमची लेन्स घ्या. त्यावर प्रश्नांचा ढीग आलाय आणि बहुतेकांना एकच कळत नाहीये, की एफ १.८ आणि एफ १.२ मधे किमतीचा एवढा फरक का आणि तो आपण भरायचा का (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड म्हणजे अपर्चर मोठं उघडतं आणि प्रकाश जास्त येतो). सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, त्यातले पाच घेतलेत.

प्रश्न : ताई, मी लग्नाची कामं करतो. कॅनन आर ८ घेतलाय, त्याच्यासोबत आलेली २४-५० किट लेन्स आहे. संध्याकाळी कार्यालयात लाइट कमी झाला की फोटोत नुसता नॉइज, दाणेच दाणे. मित्र म्हणतो घ्यायची तर एकदाच घे, आरएफ ५० एफ १.२ एल घे, हप्त्यावर घे. घेऊ का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : हप्त्यावर घेऊ नका. मित्राचं मन चांगलं आहे पण हिशोब चुकतोय, तो आपण एकदा कागदावर मांडूया. तुमची किट लेन्स ५० एमएमला जास्तीत जास्त एफ ६.३ उघडते. समजा तिथे तुम्हाला आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १२८०० लागतोय; तो जितका जास्त तितका नॉइज जास्त. आता त्याच जागी, शटरच्या तेवढ्याच वेगाला, साधी आरएफ ५० एफ १.८ लावली तर प्रकाश सव्वाबारा पट येतो, म्हणजे आयएसओ हजाराच्या आसपास येतो. बारा हजारावरून हजार. आणि एफ १.२ लावली तर? १.८ च्या सव्वादोन पट प्रकाश, म्हणजे हजाराचे साडेचारशे. आर ८ फुलफ्रेम आहे, म्हणजे सेन्सर मोठा, ३५ एमएम फिल्मच्या फ्रेमएवढा, त्याच्यात आयएसओ १००० आणि ४५० मधला फरक अल्बममधे छापल्यावर कोणी दाखवून द्यावा. तुमचा नॉइजचा त्रास १.८ नेच संपतो, आणि लेन्स १६० ग्रॅमची आहे.

मग १.२ चे पैसे कशाचे? आत बघितलं तर कळतं. आरएफ ५० एफ १.८ मधे ६ भिंगं आहेत, एफ १.२ एल मधे १५. तोंड पूर्ण उघडं ठेवूनही कोपऱ्यापर्यंत शार्प राहावं, चमकत्या दागिन्याच्या कडेला जांभळी-हिरवी रेघ येऊ नये, म्हणून ही सगळी भिंगं. त्यामुळे वजन ९५० ग्रॅम, आणि तुमची आर ८ बॅटरी-कार्डासकट ४६१ ग्रॅम. बॉडीच्या दुप्पट वजनाची लेन्स पुढे लटकवून सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या पाठवणीपर्यंत उभं राहायचं म्हणजे मनगटाचं काय होतं ते मी सोसलंय.

आणि एक गोष्ट माझ्या कामातली सांगते. पहिल्यांदा एफ १.२ हातात आली तेव्हा एका नवरीचे क्लोजअप मी सगळे तोंड उघडं ठेवूनच काढले, साधारण एक मीटरवरून. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर सुंदर दिसत होते. घरी मोठ्या स्क्रीनवर उघडले तर पापण्यांचा केस न् केस मोजता येत होता आणि नथ पूर्ण आउट. आजीची नथ होती, तिच्यासाठीच ते क्लोजअप हवे होते आणि मोत्यांचे नुसते पांढरे ठिपके झाले होते. एक मीटरवर एफ १.२ ला फोकसमधे राहणारी जाडी साधारण पावणेतीन सेंटिमीटर असते, त्यातली अर्धी डोळ्याच्या पुढे अर्धी मागे, आणि नथ डोळ्याच्या पुढे त्याहून जास्त येते. एफ २.८ ला तीच जाडी सहा सेंटिमीटरच्या वर जाते. तेव्हापासून नवरीच्या क्लोजअपला मी एफ २.८ च्या खाली जात नाही, मग लेन्स कितीही उघडत असू दे.

अजून एक, आर ८ वाल्यांनी हे नक्की लक्षात ठेवा. तुमच्या बॉडीत पूर्ण मेकॅनिकल शटर नाहीये, शटरचा पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक आहे. मोठं अपर्चर आणि १/२००० च्या पुढचं शटर एकत्र आलं की मागच्या लाइटचे गोळे एका बाजूने कापल्यासारखे दिसायला लागतात. भर दुपारी मांडवाबाहेर एफ १.२ वर काम करायचं तर आयएसओ १०० ठेवूनही १/१६००० च्या पुढचं शटर लागतं, म्हणजे एनडी फिल्टर, प्रकाश कमी करणारी गडद काच, आलाच.

१.८ मधे खोट नाही असं नाही. फोकसची मोटर साधी एसटीएम आहे, फोकस करताना पुढची नळी थोडी बाहेर येते, हूड वेगळं घ्यावं लागतं आणि पावसापाण्यासाठी सील नाही. सप्तपदीला जोडपं तुमच्याकडे चालत येतंय तेव्हा चार-पाच फ्रेम जातील, बर्स्ट मारा, म्हणजे एकामागोमाग भराभर फोटो काढा. पुढे काम वाढलं आणि व्हिडिओपण घ्यायला लागलात तर तेव्हा २०२४ मधे आलेली आरएफ ५० एफ १.४ एल व्हीसीएम बघा, ५८० ग्रॅमची आहे, मोटर जलद आणि शांत आहे, फोकस बदलताना फ्रेम फारशी लहान-मोठी होत नाही. पैसे मोजायचेच असतील तर ते मोटरसाठी मोजा, अपर्चरच्या आकड्यासाठी नको, हे मी कॅननच नाही सगळ्याच कंपन्यांच्या बाबतीत सांगेन.

प्रश्न : नमस्कार मॅडम. निकॉन डी ७५० विकून झेड ५ घेतला, सोबत जुन्या लेन्स जोडायला एफटीझेड अॅडॉप्टर. माझी जुनी लाडकी ५० एफ १.८ डी लावली तर ऑटोफोकस होतच नाही, बाकी सगळं चालतं. दुकानदार म्हणतो अॅडॉप्टर खराब असेल. बदलून घेऊ का? आणि नवीनच घ्यायची झाली तर झेडमधे तीन-चार दिसतात, १.४ ही १.८ पेक्षा स्वस्त कशी काय, काही कळेना.
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : अॅडॉप्टर चांगला आहे, बदलायला जाऊ नका. लेन्स उलटी धरा आणि माउंटच्या, म्हणजे बॉडीला जोडायच्या, धातूच्या रिंगवर नीट बघा, एक बारीक खाच दिसेल, स्क्रूच्या डोक्यासारखी. डी ७५० मधे मोटर बॉडीत होती, बॉडीतून एक छोटं टोक बाहेर येऊन त्या खाचेत बसायचं आणि लेन्स फिरवायचं, तो कर्रर्र आवाज तुमच्या कानात असेलच. एफटीझेडमधे ती मोटर नाही आणि एफटीझेड टू मधेही नाही. जी लेन्स स्वतःची मोटर घेऊन येते, म्हणजे एएफ-एस ५० एफ १.८ जी, ती याच अॅडॉप्टरवर ऑटोफोकस करते. तुमची डी विकू नका, फार किंमत येणार नाही, फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगाने दाखवणारी सोय) लावून हाताने फोकस करा, घरातल्या फोटोंना मजा येते.

आता नवीनचं. पन्नासची लेन्स इतकी वर्षं छोटी आणि स्वस्त राहिली त्याचं कारण तिचा जुना आराखडा. झाइसच्या पॉल रुडॉल्फने १८९६ मधे प्लॅनार काढली, दोन बाजूंना जवळजवळ आरशातल्यासारखी सारखी भिंगं आणि मधे अपर्चर, आणि पुढे एसएलआरच्या बहुतेक पन्नास त्याच धर्तीवर सहा-सात भिंगांत बसवल्या गेल्या. आरशाला हलायला जागा लागायची, म्हणून निकॉनच्या जुन्या माउंटवर लेन्स सेन्सरपासून ४६.५ मिलिमीटर लांब. झेडमधे आरसाच गेला, ते अंतर १६ मिलिमीटरवर आलं आणि माउंटचं तोंड ५५ मिलिमीटरचं झालं, मागचं भिंग मोठं करून सेन्सरच्या जवळ नेता आलं. झेड ५० एफ १.८ एस मधे १२ भिंगं आहेत, म्हणून ती ४१५ ग्रॅमची आहे आणि म्हणून १.८ ला सुद्धा कडेपर्यंत शार्प आहे. नाव १.८ असलं तरी हिला स्वस्तातली पन्नास समजू नका, आज मिळणाऱ्या सगळ्या १.८ मधे मला हीच सगळ्यात जास्त आवडते.

२०२४ ला आलेली एफ १.४ ही एस लाइनमधली, म्हणजे निकॉनच्या वरच्या दर्जाच्या मालिकेतली नाही, भिंगं कमी, वजन जवळपास तेवढंच ४२० ग्रॅम, आणि पूर्ण उघडल्यावर जरा मऊ. म्हणून ती बाहेर आली तेव्हाच १.८ एस पेक्षा कमी किमतीला आली. माणसांचेच फोटो काढत असाल तर तो मऊपणा चालतो, कुणाकुणाला तोच हवा असतो. तुम्ही पत्रात देवळांचं कोरीव काम लिहिलंय, तर १.८ एस घ्या, दुसरा विचार नको. एफ १.२ एस १०९० ग्रॅमची आहे, ती खांद्याला लावून हेमाडपंती देवळाच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. आणि बजेट नसेल तर ४० एफ २, १७० ग्रॅम, प्लास्टिकची आहे पण फोटो मस्त देते.

प्रश्न : ताई मी १९ वर्षांचा आहे, सोनी ए ६४०० आहे. आई डबे करते, तिच्या जेवणाचे फोटो आणि रील्स करतो, आईचेपण काढायचेत स्वयंपाक करताना. ५० एफ १.८ घ्यायचं ठरवलं तर ऑनलाइन दोन दिसतायत, एक ई आणि एक एफई, फोटोत सेमच वाटतात. कोणती घेऊ?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आधी विचारलंस ते फार बरं केलंस, कारण मॉडेल नंबरमधे फरक शेवटच्या एका अक्षराचा आहे. एसईएल ५० एफ १८ ही ई, क्रॉप म्हणजे फुलफ्रेमपेक्षा लहान सेन्सरसाठी आणि तिच्यात स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) आहे. त्याच नंबरला शेवटी अजून एक एफ लागला की ती फुलफ्रेमची एफई, तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही आणि तुझ्या ए ६४०० च्या बॉडीतही नाही. शिवाय एफईची फोकस मोटर जुन्या पद्धतीची, हळू आणि आवाज करणारी, रीलमधे फोडणीच्या आवाजात तिची घरघर येईल.

पण माझं ऐकशील तर दोन्ही नको. तुझा सेन्सर क्रॉप आहे, त्याच्यावर ५० म्हणजे ७५ सारखी दिसते. आईचा उभा, डोक्यापासून पायापर्यंत फोटो घ्यायला ५० एमएमने तुला सव्वाचार मीटर, म्हणजे चौदा फूट मागे जावं लागेल. दहा बाय बाराच्या खोलीत चौदा फूट कुठून आणायचे? ३० एमएमने तेच साडेआठ फुटांत होतं. तेव्हा एक तर सिग्मा ३० एफ १.४ डीसी डीएन, नाहीतर सोनीची ई ३५ एफ १.८ ओएसएस. सिग्मा जास्त उघडते, फोटो जास्त देखणे येतात, पण २६५ ग्रॅमची आहे आणि स्टॅबिलायझेशन नाही. ३५ फक्त १५४ ग्रॅमची आणि हातात धरून व्हिडिओ करताना हलणं कमी करते. तू रील्स करतोस, ट्रायपॉडचा उल्लेख नाही, मी तुझ्या जागी ३५ घेतली असती. दोन्हींचा फोकस ३० सेंटिमीटरपर्यंत येतो.

आणि डब्याचा फोटो एफ १.८ ला काढू नकोस बाळा. भाजीची कोथिंबीर तेवढी शार्प आणि मागची पोळी धुकट, गिऱ्हाइकाला डब्यात काय काय आहे तेच कळणार नाही. एफ ४ किंवा ५.६ ठेव, डबा खिडकीजवळ ने, खिडकीच्या समोरच्या बाजूला एक पांढरा पुठ्ठा उभा कर. आईचा फोटो काढशील तेव्हा १.८ वर ये, गॅसच्या मागचा पसारा आपोआप विरघळतो.

प्रश्न : फुजीची ३५ एफ १.४ सेकंडहँड मिळतेय, दुकानदार म्हणतो जुनी झाली, नवीन ३३ एफ १.४ घ्या. आमच्याकडे पावसात फंगसची, म्हणजे भिंगावर बुरशी धरायची, भीती असते ती वेगळीच.
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : फुजीच्या या कॅमेऱ्यांचा सेन्सरही क्रॉप, त्यावर ३३ किंवा ३५ म्हणजेच आपली पन्नास. ३५ ही २०१२ ची लेन्स, १८७ ग्रॅम, फोकसला भिंगांचा अख्खा गठ्ठा पुढे-मागे सरकतो म्हणून आवाज होतो आणि वेळ लागतो. ३३ ही २०२१ ची, ३६० ग्रॅम, लिनिअर मोटर, सील केलेली, कोपऱ्यापर्यंत शार्प. दुकानदार खोटं बोलत नाहीये. तरीही शांत बसलेल्या माणसाचा खिडकीच्या उजेडातला फोटो असेल तर मी ३५ च उचलते, तिच्यात फोकसमधून आउटमधे जाणं इतकं हळुवार आहे की चेहऱ्याला गोलाई येते. तुमच्याकडे लहान मुलं धावतायत का, मासेबाजारात, जत्रेत काढता का? मग ३३. नसेल तर ३५ घ्या आणि मन मोकळं ठेवून घ्या.

सेकंडहँड घेताना मात्र दुकानातच मोबाइलचा टॉर्च मागच्या भिंगातून तिरका मारून बघा, सरळ नाही तिरका. धूळ ठिपक्यासारखी दिसते, ती चालते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे फुटलेले धागे दिसले तर ते फंगस, कितीही कमी पैसे सांगू देत, ठेवून द्या. घरी आणल्यावर जून ते सप्टेंबर लेन्स कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवायची नाही, बॅगेचं कापड ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर, काटा ४० ते ५० मधे राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरता येतं. आणि आठवड्यातून एकदा तरी लेन्स बाहेर काढून वापरा, फंगसला अंधार आणि न हललेली हवा आवडते.

प्रश्न : नवीन ५० वर यूव्ही फिल्टर लावलाय, दिवाळीत पणत्यांचे फोटो काढले तर प्रत्येक फोटोत हवेत हिरवट ज्योती तरंगतायत. लेन्स परत करू का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : लेन्स ठीक आहे, फिल्टर काढा. सेन्सरवरून उलटा गेलेला उजेड फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून परत येतो, म्हणून प्रत्येक ज्योतीचं भूत फ्रेमच्या मध्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला दिसतं, तुमच्या फोटोत मोजून बघा तसंच असेल. धुळीत, वाळूत, रंगपंचमीला फिल्टर लावा. पणत्या, आकाशकंदील, स्टेजचे लाइट असतील तेव्हा काढून खिशात ठेवा आणि हूड लावा.