सर्दी-तापात मुलाला द्यायचं चिकन सूप घरी कसं करावं? फ्रिजमध्ये बोनलेस आहे, ते चालेल का? कॉर्नफ्लॉवर किती घालू?

कॉर्नफ्लॉवर अजिबात नको. आणि नुसत्या बोनलेसचं सूप होत नाही, ते उकडलेल्या चिकनचं पाणी होतं.

तुमच्या डोळ्यांसमोर कॉर्नफ्लॉवरने दाट केलेलं हॉटेलातलं सूप आहे. ते जेवणाआधी प्यायला ठीक आहे. घसा सुजलेल्या, तोंडाला चव नसलेल्या माणसाला ती खळ गिळवत नाही आणि जरा निवली की वर साय धरते. आजाऱ्याला द्यायचं ते अळणी, म्हणजे तिखट-फोडणी नसलेलं चिकनचं पाणी (नाव अळणी, पण मीठ असतं). कोल्हापूर-साताऱ्याकडे रश्शाला फोडणी बसायच्या आधी वाटीभर बाजूला काढून ठेवतात तेच, फक्त इथे रस्सा करायचाच नाही, सगळं लक्ष त्या पाण्यावर.

बोनलेस म्हणजे बहुतेक वेळा छातीचं मांस. त्यात कोलॅजन, म्हणजे शिजल्यावर ज्याचं जिलेटिन होतं ते चिवट प्रथिन, नावापुरतं असतं. सुपाला ओठांना किंचित चिकटणारा जो दाटपणा येतो तो जिलेटिनचा, आणि ते निघतं सांध्यांतून, कुर्चेतून, पंजांतून. म्हणून चिकनवाल्याकडे अर्धा किलो करी कट घ्या आणि वर पाठ, मान आणि चार पंजे मागून घ्या. हा माल स्वस्तात मिळतो, ओळखीचा असेल तर तसाच टाकतो पिशवीत. पंजे उकळत्या पाण्यात वीस-तीस सेकंद बुडवले की वरचं पिवळं कातडं सोलून निघतं. नखं सुरीने उडवून टाका. तुमचं बोनलेस वाया जायला नको: बारीक तुकडे करून तयार सुपात शेवटची सात-आठ मिनिटं शिजवा, मऊ राहील.

चिकन नळाखाली जोरात धुऊ नका, शिंतोडे ओट्यावर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. भांड्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवा आणि नंतर ओटा, सुरी, हात साबणाने.

आता कृती. बोनलेस सोडून सगळं चिकन पातेल्यात, वर दोन लिटर गार पाणी. गारच. गरम पाण्यात टाकलं तर प्रथिनं बाहेर येताक्षणी गोठून बारीक कणांनी पाण्यात तरंगत राहतात. हळूहळू तापवलं की त्यांचा राखाडी फेस होऊन वर येतो आणि झाऱ्याने काढता येतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं तिथेच उभं राहून फेस काढा. त्याआधी हळद-आलं घालू नका, नाहीतर फेसाबरोबर मसालाही निघून जाईल. फेस थांबला की एक कांदा दोन फोडी करून, ठेचलेल्या आठ-दहा लसणाच्या पाकळ्या, दीड इंच आलं ठेचून, पाव चमचा हळद, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, दोन लवंगा. हवं तर एक गाजर. कोबी आणि फ्लॉवर नको, तासभर शिजले की गंधकासारखा वास मारतात. बटाट्याने सूप गढूळ होतं.

इथून पुढे खळखळून उकळू द्यायचं नाही. पातेल्याच्या कडेला अधूनमधून एखादा बुडबुडा फुटेल एवढीच आच. बहुतेकांचं सूप इथेच बिघडतं. जोरदार उकळीत चरबीचे बारीक थेंब होऊन पाण्यात मिसळतात, सूप दुधाळ होतं, जिभेवर तेलकट थर बसतो आणि आधीच मळमळणारा माणूस दोन चमच्यांत वाटी बाजूला सारतो. मग घरात म्हणतात, आजाऱ्याला चिकन चालत नाही. चिकन चालतं, चरबीचं पाणी चालत नाही.

ब्रॉयलरचं मांस पंचवीस-तीस मिनिटांत शिजतं. मांसाचे तुकडे तेव्हा बाहेर काढा, हाडावरून सोडवा, हाडं परत पातेल्यात आणि आणखी पाऊण ते एक तास. सगळं एकत्र तासभर ठेवलंत तर मांसाचा चोथा होतो. शेवटच्या दहा मिनिटांत दहा-बारा मिरे जाडसर कुटून आणि कोथिंबिरीच्या काड्या. मिरी सुरुवातीला घातली तर वास उडून जातो आणि कडवटपणा मागे राहतो. मीठ सगळ्यात शेवटी, कारण दोन लिटरचं सव्वा लिटर होतं आणि आधी बरोबर वाटलेलं मीठ आटल्यावर खारट लागतं. सव्वा लिटरला सपाट दीड चहाचा चमचा पुरतं. सूप क्यूब घातलात तर वेगळं मीठ नको. पण हाडं एवढी असताना क्यूब कशाला हवा? मीठच असतं त्यात जास्त करून.

गाळा, दहा मिनिटं स्थिर ठेवा, वरचा तवंग डावाने काढा. 'ताकद तवंगात असते' म्हणणारे प्रत्येक घरात असतात. त्यांच्या वाटीत खुशाल घाला, तापातल्या माणसाच्या नको. दोन-चार थेंब राहिले तर स्वादाला बरंच. लिंबू वाटीत पिळायचं, पातेल्यात नाही. भूक असेल तर सोडवलेलं मांस आणि मऊ भात त्यातच कालवून द्या.

कुकर चालतो. पण शिट्ट्या मोजू नका: पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करून वीस मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली की आतलं पाणी एकदम खदखदतं आणि पुन्हा तेच दुधाळ प्रकरण. कुकरमध्ये पाणी आटत नाही, म्हणून सव्वा लिटरच घाला, आणि फेस झाकण लावायच्या आधी काढा.

'याने खरंच बरं वाटतं का' हाही प्रश्न असेलच. 1978 मध्ये अमेरिकेतल्या मायामी बीचच्या डॉक्टरांनी 15 निरोगी माणसांवर मोजून पाहिलं होतं: गरम पाण्यापेक्षा गरम चिकन सुपाने नाकातला शेंबूड जास्त वेगाने सरकला, पण अर्ध्या तासात परिणाम ओसरला. 2000 मध्ये अमेरिकेतल्याच नेब्रास्का विद्यापीठाचे डॉक्टर स्टीफन रेनार्ड यांनी दाखवलं की सुपामुळे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावते, म्हणजे सूज कमी व्हायला मदत होत असावी. पण ते प्रयोगशाळेत, रुग्णांवर नाही. त्यातून मी एवढंच घेते: रात्री मोठा बाऊल एकदाच देण्यापेक्षा दर दोन-तीन तासांनी एक छोटी वाटी, वाफ नाकाला लागेल इतकी गरम. पाणी, मीठ आणि थोडी प्रथिनं पोटात जातात हा फायदा आहेच. सुपाने आजार दोन दिवस लवकर बरा होतो असं कोणी सांगितलं तर सोडून द्या.

आणि आता ते गावठीवाले. या उत्तराखाली कोणीतरी लिहिणारच की गावठी नसेल तर सूप करूच नये. हा वाद मी घरीदारी खूप घातलाय. गावठीची चव जास्त, मान्य. पक्षी वयाने मोठा, हिंडलेला, त्यामुळे स्नायू आणि कोलॅजन दोन्ही चिवट. म्हणूनच ती उघड्या पातेल्यात दोन-अडीच तास आणि कुकरमध्ये चाळीस मिनिटं मागते. घरात कोणी तापलेलं असताना दोन तास गॅसजवळ कोण थांबणार? शिवाय शहरात गावठी म्हणून विकतात त्यातल्या कितीतरी गिरिराज, वनराज अशा सुधारित जातींच्या असतात, दुप्पट भावाने. 'ब्रॉयलरला हार्मोनची इंजेक्शनं देतात' हे तर थांबवाच. सहा आठवड्यांत तो दोन किलोचा होतो ते निवडक पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे. अँटिबायोटिक्सच्या वापराची काळजी खरी आहे, पण सूप गावठीचं केल्याने ती मिटत नाही. पंजे आणि माना घातलेलं ब्रॉयलरचं सूप नुसत्या गावठीच्या छातीच्या सुपापेक्षा दाट होतं, फ्रिजमध्ये ठेवून बघा, जेलीसारखं थरथरेल.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. उथळ भांड्यात ओतलं तर लवकर निवतं. तीन दिवसांत संपवा आणि दर वेळी लागेल तेवढंच काढून पूर्ण उकळी आणा, नुसतं कोमट नको.

राहिलेल्या सूचना. तुम्ही मुलाचं वय लिहिलेलं नाही. वर्षाच्या आतलं असेल तर हे मीठ-मिरीचं सूप देऊ नका. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना मीठ निम्मं. उलट्या होत असतील तर चमच्या-चमच्याने. आणि फ्लू हा साधा पडसा नाही: धाप लागणं, ग्लानी, लघवी कमी होणं, तीन दिवसांवर ताप, किंवा उतरून पुन्हा चढलेला ताप, यात सूप करत बसू नका. लहान बाळ, गरोदर बाई, दमेकरी, वयस्क माणूस असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण फ्लूवरचं विषाणूविरोधी औषध पहिल्या 48 तासांत सुरू केलं तर सर्वाधिक उपयोगी पडतं.