फेलोशिप घेऊन खानदेशातल्या एखाद्या शहरात लोकल एनजीओसोबत वर्षभर काम करावं का? खरंच काही उपयोग होतो का?

मी त्या लोकल एनजीओतलीच आहे, 11 वर्षं झाली, म्हणून प्रश्न वाचून राहवलं नाही. आमच्याकडे आतापर्यंत पाच फेलो येऊन गेले. उपयोग तुम्हाला होईल का विचारत असाल तर होईल, सीव्हीला होतोच. वस्तीला होतो का ते सांगते.

शहराचं नाव लिहीत नाही, इथले लोक लगेच ओळखतील. आमच्या वस्तीत तेव्हा नळ पाचव्या दिवशी यायचा, तोही अकरा-बाराच्या सुमारास, आणि बहुतेक बाया कॉलनीत धुणंभांडं करणाऱ्या, त्यामुळे पाण्याच्या दिवशी खाडा ठरलेला आणि खाड्याचे पैसे कापलेले. पुण्याहून एक मुलगी फेलो म्हणून आली. हुशार होती, मोबाईलवर फॉर्म बनवून आणलेला, पहिलाच प्रश्न रोज माणशी किती लिटर पाणी मिळतं. बाया काहीपण सांगायच्या, कुणी 50, कुणी 500. एका आजीने तर तिलाच विचारलं, "तू किती दिन राहशी? तू निंघी जाशी, मंग आमनं काय?" तिला अहिराणी कळली नाही, मी मराठीत सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली.

मग मी म्हटलं लिटर सोड, ड्रम मोज. 200 लिटरचे ड्रम घरोघरी असतात, हंडे-कळश्या वेगळ्या. सहा माणसांच्या घरात तीन ड्रम आणि हंडे मिळून 700 लिटर, ते पाच दिवस पुरवायचं, म्हणजे माणशी रोज 23 लिटर. भुयारी गटार नसलेल्या शहरालाही केंद्राच्या 1999 च्या मापदंडात नळाचं पाणी माणशी रोज 70 लिटर धरलं होतं, गटार असेल तर 135. मे महिन्यात, 44 डिग्रीत, आम्ही दोघींनी 140 घरं मोजली. पाण्याच्या लाइनचा कुठला वॉल (व्हॉल्व्ह) कधी फिरतो ते वॉलमन दादांकडून मी काढलं, नव्या माणसाला ते सांगत नाहीत. पाणीपुरवठ्याच्या साहेबांकडे गेलो तेव्हा पाणी वाढवा असं मागितलंच नाही, फक्त वेळ बदला म्हटलं. सकाळी सहाची वेळ झाली आणि खाडे थांबले.

शेवटचं प्रेझेंटेशन मुंबईला झालं. स्लाइडवर फेलोचा फोटो, संस्थेचा लोगो, आणि माझ्या नावाच्या जागी 'स्थानिक सहकार्य'. आमच्या सरांना विचारलं तर म्हणाले, "अगं नावाचं काय घेऊन बसलीस, काम झालं ना." माझं मानधन तेव्हा तिच्या स्टायपेंडच्या निम्मंही नव्हतं. नावाचं मी घेऊन बसणारच सर, कारण पुढच्या वर्षी फंडर, म्हणजे पैसे देणारा, विचारतो हे काम कोणी केलं, कागदावर जिचं नाव ती गेलेली असते, आणि सगळं परत सर्वेपासून सुरू होतं. आमच्याकडे हाच पाण्याचा सर्वे तीनदा झालाय, त्याच बायांना तेच प्रश्न.

म्हणून जॉइन होण्याआधी संस्थेला विचारा, मागच्या फेलोचं काम आज कोण बघतं. त्या व्यक्तीशी आधी फोनवर बोला, सरांशी नंतर. रिपोर्टच्या पहिल्या पानावर तिचं नाव टाका, डेटाची फाईल तिच्या मोबाईलमध्ये ठेवा, आणि पहिले दोन महिने कसलंही ॲप बनवू नका.

कुठली घ्यावी म्हणाल तर टीच फॉर इंडिया 2 वर्षांची पण ती शाळेतली, एसबीआयची यूथ फॉर इंडिया 13 महिन्यांची पण ती गावखेड्यातली. शहराच्या पाणी-कचऱ्यासाठी वेगळी शोधावी लागेल. वर्ष कमीच पडतं, जमलं तर दोन द्या.

एक राहिलं, ती मुलगी वाईट नव्हती. एक्सेल मला तिनेच शिकवलं, आणि त्या स्लाइड तिने नाही, प्रोग्रामच्या ऑफिसने बनवल्या होत्या, हे मला फार उशिरा कळलं. सगळ्या संस्थाही आमच्यासारख्या नसतील. आणि इकडे उन्हाळा टाळून या असं लोक सांगतील, ते ऐकू नका, मेमध्येच या. ऑगस्टमध्ये आलात तर पावसाच्या पाण्याने ड्रम भरलेले दिसतील आणि तुम्ही लिहाल की वस्तीत पाण्याचा प्रश्न नाही.